सतरा नावांची वही

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेदहा. बुसैतीन, बहरीन. रक्कम अडतीस दिनार पाचशे फिल्स. हजर: मी, माझी थोरली बहीण सुनंदाताई, तिच्याबरोबर एकोणीस वर्षं एका घरात राहणारी लिसी, सलमानिया रुग्णालयात नर्स, आणि कार्गोवाले मुकादमभाई, मूळचे खेडकडचे. खोकी तीन, वजन साडेबासष्ट किलो, दर किलोला सहाशे फिल्स, वर एक दिनार बांधणीचा. पैसे मी दिले, पावती घेतली. खोकी टेम्पोत चढताना बाल्कनीतून पाहत मनाशी म्हणालो, एक काम झालं.

त्यानंतर चार दिवस मी धड जेवलो नाही.

बहरीनला जाऊन आलेले लोक सोनं, मोती आणि मॉल यांच्याबद्दल लिहितात. मी त्यातलं फारसं पाहिलं नाही. सांगलीत हळदीच्या एका पेढीवर तीस वर्षं हिशेब लिहिणारा माणूस मी; पहिल्यांदाच देशाबाहेर गेलो, तोही बहिणीचं घर आवरायला. जे झालं ते ताईला वाचून दाखवलं आहे. तिच्या सांगण्यावरून माणसांची नावं आणि काही खुणा बदलल्या आहेत. आकडे मात्र तसेच ठेवले आहेत, ते बदलायला माझा हात वळत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी: बुसैतीन

ताईचं घर पहिल्या मजल्यावर. बाल्कनीतून समोर विमानतळाचे दिवे, डावीकडे समुद्राची एक करडी पट्टी. फेब्रुवारी म्हणजे तिथली थंडी. वारा एवढा की वाळत घातलेल्या चादरीला चार चार चिमटे लावावे लागतात. उन्हाळ्यात हीच बाल्कनी दुपारी उघडता येत नाही, असं लिसी म्हणाली. नळाचं पाणी अंघोळीला. पिण्याचं बाटलीतून येतं, आणि कृष्णेचं पाणी प्यायलेल्या माणसाला ते उकळून गार केलेल्या काचेसारखं लागतं.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं चलन. एका दिनारचे हजार फिल्स. म्हणजे हिशेबात तीन दशांश स्थळं! आपल्याकडे रुपयाचे पैसेसुद्धा कोणी मोजत नाही. तिथला किराणावाला पन्नास फिल्स शोधून हातावर ठेवतो. दिनारला सव्वादोनशे रुपये धरून मी पहिले दोन दिवस प्रत्येक चहा गुणत बसलो. शेवटी ताई म्हणाली, "मध्या, पी आता. गुणाकार गार व्हायला लागला."

खाली कोपऱ्यावर भट्टी आहे. सकाळी लोक खुबूस न्यायला रांग लावतात. तंदूरच्या आत थापलेली, हाताएवढी मोठी रोटी. भट्टीवाला ती आकड्यानं ओढतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. लिसी ती आणायची आणि ताई तिच्यावर सांगलीहून मी नेलेली शेंगदाण्याची चटणी घालून खायची. भाकरीची सर नाही, पण गरम असेतो वाईटही नाही.

लिसी केरळची. माझ्याशी हिंदीत बोलायची, ताईशी निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. "मध्या भय्या, खाना बस क्या? अजून घे ना." ताईनं तिला शिकवलेलं 'अजून घे ना' ती दिवसातून दहा वेळा म्हणायची.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. ताई आणि लिसी म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं का? होतं. एकोणीस वर्षं फोनवर मी 'तू कशी आहेस' यानंतर 'लिसी कशी आहे' असं विचारत होतो. आमच्या घरात त्याला शब्द नव्हता आणि मी तो शोधलाही नाही. आई गेली तेव्हा लिसी आठ दिवस सांगलीला येऊन राहिली, चुलत्यांनी तिची 'सुनंदाची पार्टनर नर्स' म्हणून ओळख करून दिली, आणि सगळ्यांनी ते 'रूम पार्टनर' या अर्थानं घेतलं. घेतलं म्हणजे घ्यायचं ठरवलं.

सोमवार, १० फेब्रुवारी: बांधाबांध

ताई तरुणपणी सरकारी शिष्यवृत्तीवर पूर्व जर्मनीत छपाईचं तंत्र शिकायला गेली होती. तो देश आता नाही. तिथून आल्यावर काही वर्षं मुंबईत आणि मग सत्तावीस वर्षं बहरीनच्या एका छापखान्यात. तो छापखाना आता छपाईच्या प्लेटा बनवण्याचं खातं बंद करत होता. तिचा व्हिसा महिनाअखेरपर्यंत. लिसीच्या नोकरीची अजून दोन वर्षं शिल्लक, म्हणून ताईनं आधी यायचं आणि लिसीनं मागाहून, असं दोघींचं ठरलं होतं.

सोमवारी लिसी ड्युटीवर, ताई छापखान्यात शेवटच्या सह्या करायला. मी एकटा घरी. भांडी, पुस्तकं, लोकरीचे कपडे, आईचा फोटो, सगळं तीन खोक्यांत बसवलं आणि यादी केली. एकूण चौऱ्याऐंशी नग. कपाटाच्या खालच्या खणात वीजबिलांच्या खाली एक जुनी काळ्या पुठ्ठ्याची वही होती. उघडून पाहिलं तर ताईचं अक्षर, मराठीत. पुढच्या पानांवर परदेशी बायकांची नावं, मागच्या एका पानावर सतरा नावं, प्रत्येक नावापुढं भागाचं नाव आणि टिका. मी ओळखलं, जुनी हिशेबाची वही. आणि आमच्या पेढीचा नियम आहे की हिशेबाची वही पिशवीत न्यायची नाही, सामानात मोहोरबंद जायची.

दुसऱ्या खोक्यात ठेवली. यादीत लिहिलं: सत्तावन्न, वही, जुनी, काळी, मराठी नावे व टिका असलेली, एक.

मंगळवारी मुकादमभाई यादी पाहून हसले होते. "काय ओ साहेब, एवढं बारीक कशाला लिव्हलंत? 'वापरलेलं घरगुती सामान', खलास. सगळे तेवढंच लिवतात."

"नंतर कमी-जास्त झालं तर?" मी म्हणालो.

"सांगलीचे ना? म्हणून," ते म्हणाले.

मंगळवार दुपार

जेवणं झाल्यावर ताई कपाटापाशी गेली. मी बाल्कनीत. खण ओढल्याचा आवाज आला, मग दुसरा खण, मग सगळे. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मला वाटलं, कोणी तरी गेलं.

"मध्या, खालच्या खणातली वही?"

मी अभिमानानं यादी पुढं केली. सत्तावन्न नंबरवर बोट ठेवलं.

ती खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवर. लिसी स्वयंपाकघरातून आली, तिनं यादी घेतली, तिला मराठी वाचता येईना, ताईनं एका वाक्यात सांगितलं. लिसीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि म्हणाली, "पहला नाम तो मेरा है."

मग ताईनं मला सांगितलं. तिला सांगायला चाळीस वर्षं लागली होती. बोलायला पाऊण तास लागला.

तिकडे, त्या समाजवादी राज्यात, काहीही छापायला सरकारची परवानगी लागायची. छपाईच्या यंत्रांवर नजर असायची. ज्या बायका बायकांवर प्रेम करतात त्यांना तुरुंगात टाकत नसत, पण त्यांनी एकत्र जमायचं, बोलायचं, लिहायचं म्हटलं की घरी चौकशीला माणूस यायचा. काही चर्चमधल्या लोकांनी त्यांना खोली दिली होती. 'फक्त चर्चच्या अंतर्गत वापरासाठी' असं वर लिहिलं की थोड्या प्रती काढायला वाव असे. त्या खोलीत आठ-दहा बायका आणि छपाई शिकणारी एक मराठी मुलगी. पातळ कागद आणि कार्बन घालून टाइप करायचं. एका वेळी सात प्रती निघायच्या, आठवी वाचता येत नसे. असे नऊ अंक काढले.

"छापणं अवघड नव्हतं रे," ताई म्हणाली. "कोणाकडे गेलं आणि परत आलं का, हे ठेवणं अवघड. त्यांच्यापैकी कोणी लिहून ठेवलं असतं तर पकडलं गेलं असतं. म्हणून ते काम माझ्याकडे. मी मराठीत लिहायचे. एकदा खोलीची झडती झाली, त्यांनी वही चाळली आणि परत दिली. अख्ख्या शहरात ती वाचू शकणारी मी एकटी होते."

"आणि मागची सतरा?"

"ती इथली."

बहरीनमध्येही ती तेच करत होती. दोन महिन्यांतून एकदा चार पानं, इंग्रजीत आणि रोमन लिपीतल्या हिंदीत, हाताच्या टाइपरायटरवर. कुठली डॉक्टर नवऱ्याचं नाव विचारत नाही, घरून लग्नाचा फोन आला की काय बोलावं, दोन बायकांना खोली कोण देतो, एखादी कविता. फोनवर काही नाही, कारण फोन लक्षात ठेवतो. सात प्रती सतरा जणींत फिरायच्या. वाचून परत आली की टिक.

"पण नावं कशाला लिहायची?" मी विचारलं. आयुष्यभर नावं लिहिणारा मी, हे विचारत होतो.

"सातांतली एक बाहेर राहिली तर कुठं राहिली हे कळायला नको? पाच वर्षांत एकही राहिली नाही." मग ती म्हणाली, "उद्या-परवा टबमध्ये घालून लगदा करणार होते. तुझ्यादेखत."

कायद्यात नेमकं काय लिहिलंय ते मला माहीत नाही. पण सतराच्या सतरा जणी व्हिसावर. कोणी नर्स, कोणी क्लार्क, कोणी घरकामाला. मालकाच्या कानावर कुजबुज गेली तरी व्हिसा रद्द व्हायला पुरेशी असते. घरी परत पाठवतात, आणि मग घरचे आहेतच. जी वही जर्मनीत कोणी वाचू शकत नव्हतं, ती मी अशा गावात मोकळी सोडली होती जिथं बँकेत, छापखान्यात, किराण्याच्या दुकानात, कार्गोच्या टेम्पोवर मराठी माणूस आहे. आणि त्यात मराठी आहे हेही मीच यादीत लिहून दिलं होतं.

मुकादमभाईंना फोन लावला. त्यांनी तिसऱ्या वेळी उचलला. "खोकी गोदामात आहेत. तपासणी चालूय. उद्या मी नाही, गुरुवारी या."

"तपासणी म्हणजे?"

"उघडून यादीशी ताडायचं ओ. तुमची यादी तर काय, फर्स्ट क्लास आहे."

बुधवार, १२ फेब्रुवारी: मुहर्रक

घरात बसवेना म्हणून ताई मला मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांत घेऊन गेली. अरुंद बोळ, पांढऱ्या भिंती, कोरीव लाकडी दारं. पूर्वी मोती काढणारे इथून होड्या घेऊन जायचे. नाकाला चिमटा लावून बुडायचे. एका चहावाल्याकडे आम्ही करक चहा घेतला, दुधाचा, वेलदोड्याचा, आटवलेला, आपल्या अमृततुल्याच्या जवळ जाणारा. शेजारी पांढऱ्या झग्यातले तीन म्हातारे पत्ते खेळत होते. आपल्याकडच्या पारावर असतात तसेच. फक्त इथं हरणारा ओरडत नव्हता, जिंकणारा ओरडत होता.

सगळं इतकं शांत होतं की मला जास्त भीती वाटली. प्रत्येक भारतीय चेहऱ्याकडे बघून वाटे, हा मराठी असेल का? मागून कोणी तरी "अगं, थांब की" म्हणालं आणि माझ्या हातून चहा सांडला. एक पुणेरी कुटुंब होतं, लहान मुलगी पुढं पळत होती. आई मराठीत हाक मारत होती, मुलगी "वन मिनिट, मम्मा" म्हणत होती. एरवी मी ओळख काढली असती, कुठले म्हणून विचारलं असतं. मान खाली घातली.

संध्याकाळी लिसीनं मछबूस आणलं, तांबूस भातात मासा. ती स्वतः एक घासही खाऊ शकली नाही. ड्युटीवर मेट्रननं तिला बोलावलं होतं. मेट्रनला फक्त शिफ्ट बदलायची होती. हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. ताईनं तिचा हात धरला. माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी ताट घेऊन आत गेलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी: गोदाम

गोदाम सनद नावाच्या वस्तीच्या अलीकडे, टायरच्या दुकानांच्या मागे. आत शेकडो खोकी, प्रत्येकावर मार्करनं गावाचं नाव: कोल्लम, हैदराबाद, महाड, लाहोर. मुकादमभाई टेबलामागे बसले होते. वही त्यांच्यासमोर होती. बाकी सगळं माझ्या यादीप्रमाणे परत बांधलेलं, फक्त ती बाहेर.

"बसा," म्हणाले. चहा मागवला. मग वही उघडली. "सत्तावन्न नंबर. एवढं लिव्हलंत म्हणून बघितलं. नसतं लिव्हलं तर बघितलं नसतं, खरं सांगतो."

ताईची नजर वहीवरच होती.

"ही नावं कसली?"

मी खोटं बोलत नाही. हे गुण म्हणून सांगत नाही. मला ते जमत नाही, लक्षात राहत नाही. पण त्या क्षणी पानावरची नावं आणि टिका मला उलट्या दिसल्या आणि तोंडातून निघालं, "भिशी. बायकांची भिशी."

"असं होय! हप्ता किती?"

"दहा दिनार."

"सतरा बायका. म्हणजे महिन्याला एकशे सत्तर. सतरा महिने." त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. "हिच्यापुढं तेवीस टिका. सतराच्या भिशीत तेवीस हप्ते?"

"दुसरी फेरी चालू आहे," मी म्हणालो.

"हां. मी पण चालवतो भिशी, बारा जणांची. ज्याचा नंबर लागला त्याच्या नावाला गोल करतो आम्ही. नाय तर कोणाला मिळाली, कोणाची राहिली, कळणार कसं? तुमच्या वहीत एकही गोल नाही."

तीस वर्षं हिशेब लिहिले आणि गोल विसरलो.

त्यांनी पुढची पानं उलटली. "आणि ही हेल्गा, उर्सुला... ह्या गोऱ्या बाया पण सांगलीच्या भिशीत?"

बाहेर टेम्पो मागे घेताना कोणी तरी अरबीत "यल्ला, यल्ला", चला चला, असं ओरडत होतं.

मुकादमभाईंनी वही परत शेवटच्या पानावर आणली आणि तेराव्या ओळीवर बोट ठेवलं. "नाझनीन, सनद. ही माझ्या भावाची मुलगी. माझ्याच घरात राहते. टाइल्सच्या दुकानात हिशेब बघते. दोन वर्षांत तीन स्थळं नको म्हणाली."

ताईनं पहिल्यांदाच मान वर केली.

"मुकादमभाई," ती म्हणाली, "तुम्हाला जे वाटतंय..."

"नको, ताई." हात वर करून त्यांनी थांबवलं. "मला काय वाटतं ते मी बोललो नाही. तुम्ही पण बोलू नका. सांगितलंत की मी ऐकलं असं होईल. ऐकलं की भावाला सांगावं लागेल, आणि भाऊ तिकीट काढून पोरीला घेऊन जाईल, रमजानच्या आत लग्न लावील. मला माहीत आहे माझा भाऊ." त्यांनी चहाचा पेला सरकवला. "तिचं नाव खोडा आणि वही घेऊन जा. बाकीच्या सोळांशी माझा संबंध नाही."

"मी नाही खोडणार," ताई म्हणाली.

मला वाटलं खुर्चीसकट खाली जाईन.

"नाव जिचं तिनंच खोडायचं," ताई म्हणाली. "पहिल्यापासून तोच नियम आहे. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून नाही. तुमच्या नाही, माझ्याही नाही."

"बाई, वही माझ्या हातात आहे."

"आहे."

मग माझ्याच तोंडून निघालं, आणि ते मी आधी ठरवलेलं नव्हतं: "भिशी सोडताना हिशेब बाईच्या समोरच करावा लागतो, भाई. तिच्या गैरहजेरीत नाव काढलं तर उद्या ती म्हणेल माझे पैसे बुडवले. आम्ही तिला भेटून चुकतं करतो. नाव तिच्या हातानं निघेल."

मुकादमभाईंनी खिशातून दहा दिनारची नोट काढली आणि वहीवर ठेवली.

"हा तिचा या महिन्याचा. घरातल्या माणसानं भरला. आता तिच्याकडे तुमची बाकी नाही ना?"

"नाही."

"मग हिशेब करा." त्यांनी वही नोटेसकट माझ्याकडे ढकलली. "ती शनिवारी सुट्टीवर असते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं दुकान आहे. अकरा वाजता तिला दूध आणायला पाठवतो. घरी येऊ नका."

आम्ही उठलो. दारात त्यांनी मला हाक मारली. "साहेब, पुढच्या वेळी 'वापरलेलं घरगुती सामान' एवढंच लिवा."

त्या दुपारी लिसीनं बादलीत पाणी आणि ब्लीच घातलं. ताईनं आधी पुढच्या पानांवरची एकेचाळीस नावं एकदा मोठ्यानं वाचली. लिसी तिच्याजवळ बसून ऐकत होती, जणू त्या बायका तिच्याही ओळखीच्या होत्या. मग ताईनं छपाईच्या सुरीनं मागच्या पानावरची तेरावी ओळ सरळ कापून काढली, बोटभर रुंदीची पट्टी, आणि बाकीचं सगळं बादलीत गेलं. अर्ध्या तासानं कागद भाकरीच्या पिठासारखा हाताला लागू लागला. सोळा जणींना लिसी एकेकीला भेटून सांगणार होती, की आता वही नाही आणि पानंही यायची नाहीत.

शनिवार, १५ फेब्रुवारी: सनद

पट्टी मी पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवली होती. ताईनं यायचं नाही असं ठरलं. दोन बायका एकत्र दिसण्यापेक्षा एक अनोळखी काका बरा. टॅक्सी सनदच्या वळणावर पोलिसांनी थांबवली. मागे बसलेल्याचा पट्टा. मी तो लावलेला नव्हता. पोलिसानं पासपोर्ट मागितला. कव्हरसकट द्यावा की काढून द्यावा, या विचारात माझा हात थांबला आणि तो माझ्याकडे बघत राहिला. कव्हरसकट दिला. त्यानं फोटोचं पान पाहिलं, "बेल्ट, बेल्ट" म्हणाला आणि परत दिला. टॅक्सीवाला म्हणाला, "साब, आप तो सफेद हो गए."

चहाच्या दुकानात अकराला चार मिनिटं असताना नाझनीन आली. सव्वीस वर्षांची, हातात दुधाची पिशवी, डोक्यावर करडा रुमाल, नाकावर चष्मा. मी उभा राहिलो. "मी सुनंदाताईंचा भाऊ."

ती बसली नाही. "चाचाजींनी सकाळी दुधाला पाठवलं. घरात दूध आहे. तेव्हाच मला कळलं काहीतरी झालंय."

मी जे झालं ते शब्दशः सांगितलं. माझी चूक, यादी, गोदाम, मुकादमभाई काय काय म्हणाले, कोणत्या क्रमानं. गाळलं काही नाही. ती मधेच बसली. 'भाऊ पोरीला घेऊन जाईल' हे सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटले.

"म्हणजे चाचाजींना माहीत आहे."

"त्यांनी ऐकलेलं नाही," मी म्हणालो. "त्यांना ऐकायचं नाही."

"तुम्हाला वाटतं ते गप्प राहतील?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो, कारण माहीत नव्हतं.

मी पट्टी काढून दिली. तिनं स्वतःचं नाव वाचलं, टिका मोजल्या. "अकरा," म्हणाली. पट्टी बशीतल्या चहात बुडवली आणि अंगठ्यानं घासत राहिली, शाई जाऊन कागदाचा चिखल होईपर्यंत. मग तो कागदी रुमालात पुसून बाजूला ठेवला.

मी तिच्या काकांची दहा दिनारची नोट तिच्यापुढं ठेवली. "ही त्यांना परत दे, किंवा ठेव."

तिनं चष्मा काढून पुसला. हिशेब करणारी मुलगी. मला तिच्या चेहऱ्यावर बेरीज दिसली.

"काका, असं नाही चालणार. भिशी सोडली म्हणजे भरलेले पैसे परत मिळतात. घरात चाची विचारणार, किती आले? बाबा फोनवर विचारणार. चाचाजींनी भिशी सांगितली असेल तर पैसे दिसले पाहिजेत. अकरा टिका, एकशे दहा. आणि हे दहा."

बरोबर होतं. मी एवढा हिशेबी माणूस, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझ्या खिशात साठ दिनार होते, चुलत्यांसाठी घड्याळ आणि घरच्यांसाठी खजूर घ्यायला बदलून घेतलेले. लिसीनं सकाळी निघताना पाकिटात पन्नास कोंबले होते. पोलिसांनी अडवलं तर असू दे, म्हणून. मी सगळे टेबलाखालून तिच्या मांडीवरच्या पिशवीत दिले. तिनं तिथल्या तिथं दोनदा मोजले.

"चाची विचारेल, तुझा नंबर कितवा लागला होता?"

"लागलाच नव्हता, म्हण. म्हणूनच सगळे परत मिळाले."

तिनं मान हलवली, दुधाची पिशवी उचलली आणि गल्लीत वळली. मागे पाहिलं नाही. पाहू नये असं मीच तिला सांगितलं होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. त्यानंतर तिची खबर आलेली नाही, आणि लिसीनं ती काढायचीही नाही असं ठरलं आहे. चांगली बातमी असेल तर ती अशीच, न येणारी असेल.

दिलेली रक्कम: एकशे वीस दिनार. त्यातले दहा तिच्या काकांचे, साठ माझे, पन्नास लिसीचे. रोख, नाझनीनच्या हातात, सनद, शनिवारी सकाळी सव्वाअकराला.